मुक्या गुरुवारची बस

माझा आवाज मोठा आहे. किती मोठा, तर शनिवारवाड्यापाशी मी थांब्याचं नाव पुकारलं की तिकडे येरवड्याला लोकांनी पिशव्या उचलाव्यात. माझ्या बोलण्यातले आकडे आणि अंतरं नेहमी निम्मी करून घ्यावीत, पण निम्मी केली तरी आवाज उरतो. शहराच्या लाल बसवर मी बावीस वर्षं कंडक्टर होतो आणि एवढ्या काळात मला कुणी ‘जरा मोठ्यानं सांगा’ म्हटलेलं नाही. नारायण पेठेतले एक निवृत्त गृहस्थ तर पहिल्या बाकावर बसल्या बसल्या कानात कापूस घालायचे. एका कानात घालून झाला की माझ्याकडे बघत दुसऱ्या कानात घालायचे, सावकाश, म्हणजे अपमान मला नीट पाहता यावा.

असा मी. आणि माझी मुलगी साडेतीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती.

ऐकू सगळं यायचं. वाटी वाजली की पळत यायची, मी जिन्यात खाकरलो की दाराशी उभी राहायची. कानाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, घंटा वाजवून पाहिली आणि म्हणाले, काही नाही, वाट पाहा. वाट पाहणं हे औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं, ते त्यांनी लिहून दिलं नाही. बायको एका शाळेत शिकवायची, दिवसभर दुसऱ्यांच्या चाळीस पोरांचा गलबला ऐकायची आणि घरी येऊन आपल्या पोरीच्या तोंडाकडे बघत बसायची.

तेवढ्यात बायकोच्या मावशी चार दिवस राहायला आल्या. मी जेवताना नेहमीप्रमाणे दिवसभरातल्या फेऱ्यांची हकिगत सांगत होतो. मावशी शांतपणे म्हणाल्या, “जावईबापू, घरातले सगळे शब्द तुम्हीच वापरून टाकता. पोरीला उरतं काय?”

सगळे हसले. मीच सगळ्यांत मोठ्यानं हसलो. पण ते वाक्य माझ्या पोटात जे जाऊन बसलं ते उठेना. तिकीट फाडताना आठवायचं, चहा पिताना आठवायचं. खरंच तसं असलं तर? माणसाच्या वाट्याला शब्द मोजून आलेले असतील आणि मी पोरीच्या वाट्याचेही उधळत असलो तर?

आमच्याकडे चातुर्मासात माणसं काहीतरी सोडतात. कुणी कांदा सोडतं, कुणी वांगं, कुणी गादी. मी बोलणं सोडलं. रोजचं नाही, तेवढा माझा देवावरही विश्वास नव्हता. चातुर्मासातले सगळे गुरुवार, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, एक अक्षर नाही. पोरीला वाचा यावी म्हणून.

बायकोनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अहो, नेम तुमचा आहे. बसमधल्या लोकांनी काय केलंय?”

“त्यांना काय फरक पडतो? बेलची दोरी आहे, तिकिटाचा पंच आहे, हात आहेत.”

“आणि थांबे?”

“लोकांना डोळे आहेत की.”

“बरं,” ती म्हणाली. आमच्या घरी ‘बरं’ म्हणजे बोलणं संपलं आणि मी हरलो.

गुरुवारची साप्ताहिक सुट्टी मिळते का, तेही मी डेपोत विचारून आलो. पण ती एका ज्येष्ठ कंडक्टरकडे होती. तो दर गुरुवारी दत्ताला जायचा आणि ती सुट्टी त्याला वडिलोपार्जित मिळाल्यासारखी वागायचा. म्हणाला, “तू मौन पाळ ना, मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो.” म्हणजे देवाचं काम आम्ही दोघांनी वाटून घेतलं, दर्शन त्याला आणि उपास मला.

पहिला गुरुवार मला अजून स्वप्नात पाहिल्यासारखा आठवतो. तोंड मिटलं आणि डोळे उघडले. इतकी वर्षं त्या रस्त्यावरून ओरडत गेलो होतो, रस्ता असा कधी पाहिलाच नव्हता. नदीवरच्या पुलावर गाडी आली की ओलं पांढरं धुकं खिडक्यांतून आत यायचं आणि प्रवाशांची नुसती डोकी तरंगताना दिसायची. त्या धुक्यात मी पंच वाजवत पुढून मागे जायचो, आणि मला वाटायचं, आपण गाडीत नाही, कुठल्यातरी संथ पाण्यात आहोत आणि ही सगळी माणसं आपल्याला न विचारता कुठेतरी उतरून जाणार आहेत. खराडीला तेव्हा ज्वारीच्या शेतात काचेची एक इमारत उभी राहत होती. एका गुरुवारी चार मजले, पुढच्या गुरुवारी सात. मधल्या दिवसांत कुणी बांधताना मला दिसलं नाही, पावसावरच वाढत असावी. तिच्या काचेतून आमची लाल बस उलट दिशेनं जायची आणि दारात उभा असलेला दुसरा मी माझ्याकडे बघायचा. त्याचंही तोंड मिटलेलं. त्या काचेसमोर एक म्हैस रोज उभी असायची. आपली बहीण आत नोकरीला लागली आणि आपण बाहेरच राहिलो, असा तिचा चेहरा.

प्रवाशांनी मला सांभाळून घेतलं. खराडीचे एक शेतकरी होते, शेत त्या इमारतीत गेलेलं, पायात नवेकोरे पांढरे बूट. ते म्हणाले, “काय हो कंडक्टर, आज दातखिळी बसली हाय का?”

पेठेतल्या गृहस्थांनी वळून उत्तर दिलं, “त्यांचं मौन आहे. आपण सर्वांनी लाभ घ्यावा.” आणि त्या दिवशी पहिल्यांदा कानातला कापूस काढून खिशात ठेवला.

हे गृहस्थ रोज खराडीला का जायचे, तर मुलानं तिथे फ्लॅट घेतला होता. मुलगा कॉम्प्युटरवाला, त्याला वेळ नाही, म्हणून बांधकाम बघायला हे जायचे आणि गवंड्याला वीट कशी धरावी ते सांगायचे. त्यांनी आपण होऊन थांबे पुकारायचं काम हाती घेतलं. मी पुकारायचो त्यापेक्षा शुद्ध, प्रत्येक नावामागे त्याचा थोडा इतिहास. एकदा इतिहास इतका लांबला की लोक पुढच्या थांब्याला उतरले.

मला वाटलं, बायकोला उगाच काळजी. चाललंय की छान.

मग दुसऱ्या गुरुवारी ती घटना घडली. नारायण पेठेजवळच्या थांब्यावर एक मुलगी चढायची, चोवीस-पंचविसाची. विदर्भातून आलेली, बायकांच्या वसतिगृहात राहायची, आणि खराडीच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. तिला दिसत नव्हतं. नोकरी सहा महिन्यांची कच्ची, मग पक्की करणार होते, वेळेवर आली तर. हे सगळं तिनंच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, कारण माझा आवाज आला की तिला बस कळायची आणि खराडीला मीच तिला थांबा सांगायचो. पहिल्या गुरुवारी ती रजेवर होती.

त्या गुरुवारी पाऊस होता, पेठेतले गृहस्थ आले नव्हते, थांब्यावर ती एकटी. गाडी थांबली. तिनं तोंड वर करून विचारलं, “खराडी का जी?”

मी मागच्या दारात उभा होतो, तिच्यापासून दोन हातांवर. आणि मी मान हलवली.

चांगली जोरात हलवली, हो हो म्हणून. ती तशीच उभी. मला वाटलं, तिला दुसऱ्या गाडीनं जायचं असेल. मी दोन बेल दिल्या, गाडी निघाली. पुलावर धुक्यात शिरल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण कुणाला मान हलवून दाखवली.  मी मागच्या काचेतून पाहिलं, पण काचेबाहेर काहीच नव्हतं, पांढरं सगळं.

शुक्रवारी ती चढली तेव्हा मी आधी स्वतःचंच नाव पुकारावं तसा ओरडलो, “या ताई, खराडी.”

“अगं माय, आहा तुम्ही?” ती म्हणाली. “मले वाटलं बदली झाली. काल एक मुकी बस आली होती न, तिनं मले टाकलं. चाळीस मिनिटं लेट झाली मी. साहेब म्हणाले, अजून दोनदा असं झालं तर पक्कं करता येणार नाही.”

मी सांगितलं, ती मुकी बस माझीच. चातुर्मासाचा नेम आहे. कशासाठी आहे ते नाही सांगितलं. नेमाचं कारण सांगू नये, असं मावशींनी बजावलं होतं.

तिनं तिकीट घडी करून पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, “देवाचं आहे तं मी काय बोलू, भाऊ. पण तुमच्या देवाले सांगा, मले ऑफिसात साडेनवाले पोचायचं राहते.”

ती उतरून गेल्यावर पेठेतले गृहस्थ मला म्हणाले, “आपलं मौन आपल्याला किती पुण्य देतं ते मला ठाऊक नाही. त्या मुलीला मात्र लेटमार्क देतं.”

मग आम्ही बंदोबस्त केला. चढताना गृहस्थ खिडकीतून तिला हाक मारणार, आणि त्यांचा इतिहास थांबा उलटून जायचा म्हणून खराडीला मी बेल वाजवून सांगणार. तिचा थांबा म्हणजे तीन बेल, असं मी ठरवलं. बावीस वर्षांच्या नोकरीतला सगळ्यात मूर्ख निर्णय. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, आणि तीन म्हणजे गाडी भरली, पुढच्या थांब्याला थांबू नकोस, हे प्रत्येक ड्रायव्हर जाणतो. पुढच्या गुरुवारी मी तीन बेल दिल्या आणि आमच्या ड्रायव्हरनं गाडी जी हाणली ती खराडी मागे टाकून नगरच्या दिशेनं निघाली. मला वाटतं नगरचा किल्ला दिसायला लागला होता. शेवटी पांढऱ्या बुटांचे शेतकरी ओरडले तेव्हा थांबली. ताई धावतपळत वेळेत पोचली, पण थोडक्यात.

म्हणून चार बेल. चार बेलचा अर्थ कुठल्याच पुस्तकात नव्हता. तो आम्ही तिघांनी मिळून ठेवला, चार म्हणजे ताई, उतरा.

असे एकामागून एक गुरुवार गेले. श्रावण गेला, गणपती आले-गेले. मी घरी यायचो, सूर्य मावळायची वाट बघत गॅलरीत बसायचो, पोरगी मांडीवर. दोघं मुकी. मांजरी गावाकडून उसाचा वास यायचा, इतक्या लांबून तो यायचा नाही हे मला माहीत आहे, पण गुरुवारी यायचा. ती माझ्या शर्टाचं बटण फिरवत बसायची. मला वाटायचं, आता बोलेल. बटण तुटायचं, ती बोलायची नाही.

दिवाळी झाली. शेवटून दुसरा गुरुवार. शहर अजून सुट्टीत होतं, गाडी जवळजवळ रिकामी. पेठेतले गृहस्थ भाऊबिजेला बहिणीकडे गेलेले. ताईला मात्र सुट्टी नव्हती. कंपनीची गिऱ्हाइकं परदेशातली, त्यांना कुठली भाऊबीज. थांब्यावर तिला मी दिसत नव्हतो आणि हाक मारायला कुणी नव्हतं, तेव्हा ड्रायव्हरच खाली उतरून तिला घेऊन आला. ती पुढच्या दाराजवळ बसली, मी मागे. खाली पडलेल्या उन्हाचे चौकोन गाडीभर हळूहळू सरकत होते. मला वाटलं, हा गुरुवार गेला की एकच.

खराडीला सुट्टीचा फायदा घेऊन रस्ता खणला होता. इंटरनेटच्या तारा टाकायच्या होत्या. रस्त्याच्या कडेनं पुरुषभर खोल चर, आणि थांब्याच्या अलीकडेच एक खोदायचं यंत्र आडवं. ड्रायव्हरनं ब्रेक लावला. गाडी थांबली ती अशी, की पुढच्या दाराची पायरी बरोबर चरावर.

आणि ताई उठली. तीन-चार महिन्यांत रस्ता तिच्या पायांना पाठ झाला होता. गतिरोधक गेला, वळण गेलं, ब्रेक लागला, म्हणजे आपला थांबा. पांढरी काठी ती खाली उतरल्यावर उघडायची. गाडीत घडी करून पिशवीत असायची.

ड्रायव्हर खिडकीबाहेर डोकं काढून यंत्रवाल्याशी भांडत होता. मी धावत निघालो, आणि धावता धावता दोरी ओढत सुटलो. तिला थांबवायचं होतं म्हणून ओढली. एक, दोन, तीन, चार.

चार वाजल्यावर मला कळलं. माझ्या हातात तिच्यासाठी एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ होता, उतरा. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, बरोबर मोजलं या आनंदाचं, आणि तिनं दांडी सोडून पाय पुढे टाकला.

त्यानंतर मी जे ओरडलो त्यानं मांजरीच्या उसातले बगळे उडाले. काचेची इमारत हादरली, एक-दोन मजले खाली आले असावेत. “ताई, थांबा. खाली चर आहे. मागं या, मागं.”

ती थांबली. एक पाय पायरीवर, एक हवेत, हातानं चाचपडत दांडी धरलेली. मी पोचलो, तिला दंडाला धरून मागे बसवलं.  मग ड्रायव्हरनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “अरे, आज गुरुवार आहे.”

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. सूर्य मावळायच्या आधीच सांगितलं, आता काय राखायचं होतं. ती उठली आणि पोरीला माझ्या मांडीवर ठेवून आत गेली. तिचे डोळे मला दिसू द्यायचे नसावेत. मावशींना दुकानातून फोन लावला. त्या म्हणाल्या, “अजाणता मोडला तर दोष नाही. वाटीभर तूप द्या देवळात आणि शेवटचा गुरुवार कडक पाळा. सगळे पदरात पडतील.”

म्हणजे अजून आशा होती. एकच दिवस, तोंड बंद ठेवायचं. पेठेतले गृहस्थही परत येणार होते.

शुक्रवारी ताई चढली ती नेहमीच्या जागेवर बसली नाही. दारापाशीच उभी राहिली. म्हणाली, “डायव्हरनं सांगितलं मले. तुमच्या मुलीसाठी होता तो नेम. आधी काहून नाही सांगितलं?”

“सांगायचं नसतं.”

“माझ्यापायी मोडला न.”

“तुमच्यापायी नाही, खड्ड्यापायी.”

ती हसली नाही. “पुढच्या गुरुवारी मी रिक्षानं जातो, भाऊ. एक दिवसाचं तं आहे. तुम्ही आपलं पाळा.”

रिक्षा. नारायण पेठ ते खराडी. एवढ्यात तिचा आठवड्याचा डबा झाला असता. मी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा बोलायची मुभा असताना मला बोलता आलं नाही. ती तिकीट घेऊन पुढे गेली.

मधले दिवस मी कसे काढले ते विचारू नका. बायकोला विचारलं, काय करू? ती म्हणाली, “मी ‘बोला’ म्हटलं आणि पोरगी बोलली नाही, तर तुम्ही मला कधी माफ करणार नाही. मी ‘गप्प राहा’ म्हटलं, तर मी मला करणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा.” मुलगी तिथेच बसून पितळेच्या पेल्यात पेला घालत होती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, तिचं काम चालू होतं.

शेवटच्या गुरुवारी थंडी पडली होती. गाडी नारायण पेठेच्या थांब्याला लागली. गृहस्थ खिडकीशी, पांढऱ्या बुटांचे शेतकरी त्यांच्या मागे, सगळ्यांना ठाऊक होतं की आज शेवटचा. कुणीतरी माझ्यासाठी पेढेसुद्धा आणले होते. रस्त्यापलीकडे रिक्षा उभ्या होत्या आणि तिथे ती होती, काठी उघडलेली, एका रिक्षावाल्याशी बोलत. मी दारात उभा होतो. तोंड मिटून चार-पाच श्वास घेतले. ते मला अजून आठवतात, कारण त्या श्वासांत माझी पोरगी माझ्याशी बोलली होती, मनातल्या मनात, भरपूर.

मग मी पुकारलं. “खराडी. बंडगार्डन, येरवडा, खराडी. या ताई, बस खराडीची आहे.”

गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. ती वळली. रिक्षावाला म्हणाला, जा बाई, तुमची गाडी आली. तिनं रस्ता ओलांडला, पायरीशी आली, दांडी चाचपून वर चढली. मग खिशातून सुटे पैसे काढत म्हणाली, “एक खराडी द्या.”

मी सगळे थांबे पुकारले. एकही सोडला नाही.

डेपोत ही गोष्ट मी नेहमी वेगळी सांगतो. त्याच संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं आणि पोरीनं दारातून ‘बाबा’ अशी हाक मारली, असं सांगतो. ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात, माझेही भरतात, इतक्या वेळा सांगितली आहे. पण त्या संध्याकाळी ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, संक्रांतीला नाही. बोलली ती आंब्याच्या दिवसांत, एका भर दुपारी. बायकोनं फोड दिली, ती संपवली आणि म्हणाली, “अजून.” डॉक्टर म्हणतात, वाचा यायचीच होती. मावशी म्हणतात, पाळले तेवढे गुरुवार फळले. बायको काही म्हणत नाही. मला ते ऐकायला मिळालं नाही, मी खराडीच्या फेरीवर होतो.